संगणकवाक्यं प्रमाणम्?

कोणत्याही कचेरीच्या खिडकीपाशी आज एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कॉम्प्युटरमध्ये तसे दिसत नाही.' या वाक्यानंतर बोलणे खुंटते. वीजबिल अवाच्या सवा आलेले असो, रेशनकार्डावरचे नाव गळालेले असो, की परीक्षा दिलेल्या मुलाच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडलेला असो. खिडकीबाहेरचा माणूस खोटा आणि आतला पडदा खरा, असे धरूनच पुढचा व्यवहार होतो. एके काळी आपण 'बाबावाक्यं प्रमाणम्' म्हणत असू. बाबा बदलले, प्रमाण मानण्याची खोड मात्र गेली नाही.

ही खोड किती महागात पडते, हे ब्रिटनमधील पोस्टाच्या हकीगतीवरून कळते. तेथील गावोगावची लहान टपाल कार्यालये उपपोस्टमास्तर करारावर चालवतात. बहुधा आपल्या दुकानाच्याच एका कोपऱ्यात. १९९९ पासून या कार्यालयांत 'होरायझन' ही संगणकीय हिशेबप्रणाली बसवण्यात आली आणि अनेकांच्या हिशेबात अकारण तूट दिसू लागली. करारानुसार ती उपपोस्टमास्तरांनी भरायची. कोणी आयुष्याची पुंजी ओतली, कोणी घर गहाण टाकले. मदतीसाठी फोन करणाऱ्यांपैकी अनेकांना उत्तर मिळे, 'अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच.' असे शेकडो 'एकटे' देशभर विखुरलेले होते! २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची कैद सुनावली गेली, तेव्हा त्या गरोदर होत्या.

प्रणालीत दोष होते, हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. सीमा मिश्रा यांच्यासह ३९ जणांची शिक्षा अपील न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्यांना सरसकट दोषमुक्त करावे लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आपण ऐकले होते. येथे तर चोरच नव्हता!

हे घडले कसे? संगणकाच्या नोंदी पुराव्यात द्यायच्या तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे, अशी अट ब्रिटिश कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली. तेव्हापासून यंत्र बरोबर आहे असेच न्यायालयाने गृहीत धरायचे आणि ते बिघडले होते असे वाटणाऱ्याने ते दाखवून द्यायचे, असा उलटा प्रवास सुरू झाला. पण यंत्राच्या पोटातल्या नोंदी ज्याच्या हाती नाहीत, त्या गावच्या दुकानदाराने दाखवायचे काय? संगणक चुकला हा गुन्हा नव्हे. माणसाने बनवलेली कोणती वस्तू चुकत नाही? चूक विचारायला जागाच ठेवली नाही, हा खरा गुन्हा.

शिक्षणाचे क्षेत्र याला अपवाद नाही. २०२० मध्ये करोनामुळे इंग्लंडात परीक्षा झाल्या नाहीत. तेव्हा परीक्षा-नियामक संस्थेने शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींना एक गणिती सूत्र लावले, आणि त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन दिले. १३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाखाली घसरल्या होत्या. ज्या शाळेचे निकाल पूर्वी बेताचे, तिथल्या हुशार मुलालाही आधीच्या मुलांचे ओझे वाहावे लागले. मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सूत्र मागे घेतले गेले. ज्यांच्यावर एकेकट्याने अन्याय झाला त्या उपपोस्टमास्तरांना वीस वर्षे लागली. ज्यांच्यावर एकाच दिवशी झाला त्या विद्यार्थ्यांना चार दिवस पुरले. या फरकात बरेच काही आले.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा घाट एकाच हंगामात घातला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढच्या प्रवेशांची वाट पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला; ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. 'संगणकाने घोळ घातला' असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. पण पुरेशा चाचणीविना सगळे एकदम पडद्यावर आणा, असे काही संगणकाने सांगितले नव्हते. तो निर्णय माणसांचा होता.

म्हणून पुन्हा खतावण्या आणि टाक-दौतीकडे वळा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. रेल्वे आरक्षणाच्या रांगा आठवणाऱ्यांना संगणकाचे उपकार ठाऊक आहेत. हाताने लिहिलेल्या दप्तरांतही लहरी आणि लबाड्या होत्याच. कागदी परीक्षाही कमी बंदिस्त नव्हती. आपलीच तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची सोय मुलाला नसे. माहिती अधिकाराखाली ती पाहता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला, तोही कोणीतरी चिकाटीने प्रश्न लावून धरला म्हणून. तोच न्याय प्रत्येक सूत्राला आणि प्रणालीला लावायला हवा : नोंद कोणी केली, ती तपासता येते का, आणि चुकली तर उत्तर देणाऱ्या माणसाचे नाव काय? आपल्या शाळांत उत्तराला गुण मिळतात, प्रश्नाला नाही. त्यामुळे हे विचारण्याची सवय आपल्याला सहसा लागत नाही.

ब्रिटनमधील त्या उपपोस्टमास्तरांचे पारडे फिरू लागले ते न्यायालयात नव्हे. २००९ मध्ये ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने त्यांच्यापैकी काही जण फेनी कॉम्प्टन या लहानशा गावच्या सभागृहात जमले. प्रत्येकाने आपली तूट सांगितली, आणि आपण एकटे नाही हे त्यांना त्या दिवशी कळले.