तीन फुटांचं तळं

मी मानवतची आहे असं पुण्यातल्या ऑफिसमध्ये सांगितलं, की हल्ली लोक जरा सरकूनच बसतात. कृपा २०२४ मध्ये आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ या वेबसिरीजची! बाकी आमचं गाव साधं, कापसाच्या बाजाराचं. अशा या गावात मी दिवाळीची अख्खी सुट्टी एका जुन्या फिशटँकमध्ये डोकं घालून काढली.

टँक एका बंद पडलेल्या दवाखान्यातला. किंमत आठशे, स्टँड फुकट. (होताही तो फुकटातलाच.) आई गेल्यापासून बाबा एकटे असतात. दुपारी घरात टीव्ही सोडला तर दुसरा आवाज नाही. म्हटलं, मासे आणू. नवा टँक म्हटला असता तर ‘कशाला खर्च?’ आलंच असतं. जुना म्हटल्यावर मात्र ते चष्मा लावून बाहेर आले.

सुरुवातीला मी फुल्ल कॉन्फिडन्समध्ये. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने घालवले. साबण लावायचा नाही हं, त्याचा अंश माशांना बाधतो. एका कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटलं होतं, तिथे नवं थापलं. दोन दिवसांनी टँक अंगणात ठेवून काठोकाठ भरला. सकाळी उठून बघते तर टँक अर्धा रिकामा आणि अंगणात चिखल.

चूक एकदम बेसिक होती. वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवं धरतच नाही. आतल्या कोपऱ्यांतलं सगळं काढायचं आणि सगळीकडे नव्याने भरायचं. मोबाइलवर हे वाचून मी बाहेर येते तो बाबा ब्लेड घेऊन खरवडायला बसलेले! ‘दोन काचांच्या मधलं काढू नको,’ मलाच सूचना, ‘काचेला काच त्यानंच धरलीय. आन् इतकी घाई कायला करायलीस?’

दुकानदाराने आधी बाथरूमचं सिलिकॉन दिलं होतं. त्यात बुरशी लागू नये म्हणून औषध असतं आणि ते माशांच्या जिवावर बेतू शकतं. ते परत केलं, साधं आणलं. दोन दिवस अंगणभर व्हिनेगरसारखा आंबूस वास. पूर्ण वाळल्यावर पुन्हा भरलं. त्या रात्री बाबा टॉर्च घेऊन तीनदा उठले. थेंबही गळला नाही.

स्टँडला लोक रंगापुरतंच महत्त्व देतात. हिशोब करा: तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. नुसतं पाणीच शंभर किलोच्या वर. काच, वाळू धरून दीडशेच्या आसपास. आमच्या स्टँडचे दोन पाय खाली गंजाने खाल्ले होते. वेल्डरकडून तेवढे बदलून घेतले, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइड, वर काळा ऑइलपेंट. एक पाय जरी आखूड राहिला तरी काचेवर ताण येतो, म्हणून शेजारच्या गवंडीकाकांनी पाण्याची नळी लावून लेव्हल काढून दिली. टँकखाली थर्माकोल.

एवढं झालं तरी मासे लगेच नाहीत! माशांच्या विष्ठेतला अमोनिया त्यांनाच विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढायला महिनाभर तरी लागतो. मी पुण्याला परतले आणि बाबा रोज सकाळी रिकाम्या टँकला चिमूटभर खाणं घालू लागले. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंची सोय होते. पण हे गल्लीला कोण सांगणार? ‘मास्तर पाण्याला जेवू घालायलेत’ ही बातमी चार घरं फिरून आली.

महिन्याभराने सहा मॉली आल्या. आमच्या जड पाण्यात त्या मजेत राहतात. लाइट गेली की चालवायला बॅटरीचा एअरपंपही घेतलाय.

आता गोची अशी, की बाबांना पंधरा दिवस पुण्याला आणायचा माझा जुना प्लॅन बोंबलला. ‘माशांना कोण बघणार?’ मोठे धडधाकट मासे आठवडाभर न खाता आरामात राहतात, हे मी फोनवर तीनदा सांगून झालं. मग निदान आठच दिवस या म्हटलं.

‘बघू,’ म्हणाले. ‘तू येशील तवा एक बारीक जाळी आण. पिल्लं झालीत, मोजताच येईनात.’