सीतेची वेणी चाळीच्या गॅलरीत

गावाकडे आंब्यावर जाड, लांब पानांचे झुपके दिसले की मोठी माणसे म्हणतात, "बांडगूळ आहे, काढून टाका." एका वर्षी वादळात आमच्या मामाच्या परसातल्या आंब्याची फांदी मोडली. तिच्यावर असे दोन झुपके होते. मामी ते उकिरड्यावर टाकायला निघाली, तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, ही सीतेची वेणी. हिला बांडगूळ कोण म्हणतं?"

आजींचे खरे होते. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचा रस शोषते. सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. ते झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी मिळते पावसाचे आणि हवेतल्या ओलाव्याचे. मे-जूनच्या सुमारास पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस वेणीसारखे लोंबतात. आसामात बिहूच्या नाचात मुली हेच फूल केसांत माळतात. तिथे त्याला 'कपौ फूल' म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे.

मी दोन्ही रोपे मुंबईला आणली. पहिले मोठ्या हौसेने माती आणि शेणखत घालून कुंडीत लावले, रोज पाणी घातले. मुळे कुजून ते गेले. जास्तीच्या मायेनेच मी ते मारले. दुसरे वाचले, कारण ते मोडक्या फांदीवरच राहू दिले होते.

म्हणून भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा: या रोपाला माती नको, हवा हवी. आंब्याच्या लाकडाच्या तुकड्यावर रोप काथ्याने बांधा. नाहीतर लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरून त्यावर बसवा. मुळे बाहेर लोंबली तर कापू नका, आत कोंबू नका. सकाळचे ऊन मिळेल, दुपारचे लागणार नाही अशा जागी टांगा.

पाणी कधी घालायचे ते मुळेच सांगतात. कोरडी मुळे पांढुरकी दिसतात, भिजली की हिरवट होतात. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी शिंपडा, थंडीत कमी करा. पावसाळ्यात वारा खेळता ठेवा. पानांच्या बेचक्यात पाणी साचले तर रोप कुजते. पानांवर खवले कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा. जागा बदलल्यावर एक-दोन वर्षे फूल आले नाही तरी धीर सोडू नका.

आणखी एक. घाटात रस्त्याकडेला जंगलातून उपटलेली रोपे कोणी विकत असेल, तर ती घेऊ नका. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षे जातात. उपटलेल्या एका रोपाची भरपाई लवकर होत नाही. रोपवाटिकेत वाढवलेले रोप मागून घ्या, किंवा आपल्याच परसातल्या पडलेल्या फांदीवरचे वाचवा.

आमच्या गॅलरीतल्या वेणीला तिसऱ्या वर्षी पहिला घोस आला. मामी मुद्दाम बघायला आली. आता गावी आंब्याची छाटणी असली की ती आधी खाली उभी राहून वर बघते, आणि मगच कोयता चालवू देते.