फेफऱ्याची गोळी आणि रोजचे ताट

अपस्मार अर्थात फेफरे हा मेंदूतील विद्युत् संदेशांत अचानक होणाऱ्या बिघाडामुळे उद्भवणारा विकार आहे. जगभरात सुमारे 5 कोटी लोकांना तो आहे. योग्य निदान आणि नियमित औषध मिळाल्यास यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट ही नेहमीची औषधे जुनी आहेत आणि फारशी महागही नाहीत. तरीही असंख्य रुग्णांचे उपचार अर्ध्यावर सुटतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याची कारणे सहज सांगता येतात. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांना पूर, आणि झटका आल्यावर गावातील पुजाऱ्याकडे धाव घेण्याची रीत. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने 1973 पासून आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1986 पासून या भागात आधुनिक उपचार लोकांच्या दारापर्यंत नेले. पण गोळी घरात पोहोचल्यावरही ती बंद होण्याचे आणखी एक कारण उरते, ते म्हणजे दुष्परिणाम. मळमळ, गुंगी, हिरड्यांची सूज, वाढलेले वजन यांना कंटाळून रुग्ण स्वतःच गोळी सोडतो. अपस्मारात औषध अचानक थांबवणे अतिशय धोक्याचे असते. थांबलेले झटके उलटून येतात आणि कधी एकामागून एक येत राहून जिवावर बेततात. यांपैकी काही दुष्परिणाम आहारातील साध्या बदलांनी सुसह्य करता येतात. आहार हा गोळीचा पर्याय नव्हे, मात्र गोळी चालू ठेवण्यास तो मोठा हातभार लावू शकतो.

पोट आणि वेळ

व्हॅलप्रोएट आणि कार्बामाझेपिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ व पोटदुखी होऊ शकते. जेवणानंतर घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूपानांच्या हंगामात माणसे पहाटेच घराबाहेर पडतात. सकाळची गोळी एक तर रिकाम्या पोटी घेतली जाते किंवा राहूनच जाते. अशा वेळी आंबील, शिळा भात किंवा भाकरीचा तुकडा खाऊन मगच गोळी घ्यावी. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. उपाशी राहणे आणि जागरण या दोन्हींमुळे अनेकांना झटका येऊ शकतो. फेनिटॉइन घेणाऱ्यांनी आम्लपित्ताची औषधे व कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा औषध रक्तात पुरेसे उतरत नाही.

हाडांची झीज

फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यकृतातील विकरांना अधिक कार्यक्षम करतात. परिणामी शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होते, अन्नातील कॅल्शियम कमी शोषले जाते आणि वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात. झटक्यात पडणाऱ्या माणसाची हाडे आधीच कमकुवत असतील, तर अस्थिभंगाचा धोका दुणावतो.

गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर हा धानाचा पट्टा आहे. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्याच नाचणीत ते 300 मिलिग्रॅमहून अधिक असते. शेवग्याच्या पाल्यातही तितकेच मिळते. तीळ, दही, ताक हेही चांगले स्रोत आहेत. या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांतून मिळणारी लहान मासळी काट्यांसकट खाल्ली, तर कॅल्शियमचा पुरवठा आपोआप होतो. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र अन्नातून फारसे मिळत नाही. त्यासाठी अंगावर ऊन घ्यावे आणि तपासणीत कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

रक्त आणि हिरड्या

फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनमुळे शरीरातील फॉलिक आम्लही घटते. त्यातून एक प्रकारचा रक्तक्षय होऊ शकतो. विदर्भाच्या या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांची फॉलिक आम्लाची गरज मुळातच जास्त असते. दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असल्यास दोन्ही डॉक्टरांना त्याची कल्पना देणे आवश्यक ठरते. तरोट्याची भाजी, पालक, चवळी, हरभरा, मूग हे पदार्थ रोजच्या जेवणात असावेत. फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, कारण त्यामुळे रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटू शकते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ती होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. व्हॅलप्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने औषध बदलावे लागू शकते. दिवस गेल्याचे कळताच भीतीने गोळी बंद करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

फेनिटॉइनने हिरड्या सुजतात आणि दातांवर वाढतात. तोंड अस्वच्छ असल्यास हा त्रास वाढतो. त्यामुळे खर्रा वर्ज्य करावा, गोड चिकट पदार्थ कमी खावेत आणि दोन वेळा दात घासावेत.

चंद्रपूरचा उन्हाळा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड घेणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, घाम कमी येऊन अंग तापण्याचा धोका असतो. या औषधांनी मूतखडेही होऊ शकतात. त्यांनी दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि भर दुपारचे ऊन टाळावे.

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. या औषधांनी रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. त्यात नुसते पाणीच भरपूर प्यायल्यास ते आणखी घटते. डोकेदुखी, गोंधळलेपण आणि पुन्हा झटके ही त्याची लक्षणे होत. अशांना मीठ घातलेले ताक किंवा आंबील अधिक उपयुक्त ठरते. रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मिठाबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वजनाचा काटा

व्हॅलप्रोएटने भूक वाढते आणि वजन चढते. भाताचे प्रमाण थोडे कमी करून डाळ, भाजी व उसळ वाढवणे, गोड चहाच्या फेऱ्या आवरणे आणि रोज चालणे हा त्यावरील उपाय आहे. याउलट टोपिरामेटने भूक मंदावते. कुपोषणाची समस्या असलेल्या भागात हे अधिक गंभीर होय. असे औषध घेणाऱ्या बालकाचे वजन दरमहा अंगणवाडीत तपासून घ्यावे.

कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातील पपनस टाळावे. त्यांच्या रसाने रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून चक्कर आणि तोल जाणे असे त्रास होतात. विदर्भाचे संत्रे मात्र खुशाल खावे.

दारूचा घाला

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. कायदा काहीही असो, अपस्माराच्या रुग्णासाठी मोहाची दारू दुहेरी घातक ठरते. फेनोबार्बिटोनसारख्या औषधाबरोबर ती गुंगी वाढवते आणि श्वास मंद करू शकते. भरपूर पिऊन नशा उतरू लागली की झटक्याची शक्यता वाढते. शिवाय प्यालेल्या रात्री गोळी हमखास विसरली जाते. मोहफुले भाजून वा शिजवून खाण्याला मात्र हा आक्षेप लागू नाही.

जे घरी करू नये

भात-पोळी जवळपास बंद करून तुपातेलावर भर देणाऱ्या ‘कीटोजेनिक’ आहाराची चर्चा हल्ली बरीच होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये तो सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, विशेषतः मुलांमध्ये, त्याचा उपयोग होतो. परंतु तो वजनकाट्यावर मोजून दिला जाणारा उपचार आहे. मूतखडे, बद्धकोष्ठता, वाढ खुंटणे असे त्याचेही दुष्परिणाम आहेत. तज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय तो सुरू करू नये.

काही लक्षणांवर आहाराचा उपाय चालत नाही. अंगावर पुरळ, तोंडात फोड, कावीळ, सतत उलट्या, अनावर झोप किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. इतर तक्रारींसाठी पुढच्या भेटीत रोजचे जेवण, गोळीची वेळ आणि होणारा त्रास हे सारे मोकळेपणाने सांगावे. त्यावरून मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येते. तोवर गोळी चालूच राहिली पाहिजे, हे रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांनीही लक्षात ठेवणे गरजेचे आहे.