घाटेअळी आणि दाण्यातले प्रथिन

आपल्या निफाड-सिन्नर भागात हरभरा घाट्यावर आला की घाटेअळी हजर! घाट्याला गोल भोक पाडायचे, डोके आत, धड बाहेर, आणि दाणा फस्त. पानांवरच्या आंबेलाही ती जुमानत नाही.

आता झाड काही अगदीच निःशस्त्र नसते. दाण्यात अशी काही प्रथिने असतात की ती अळीच्या आतड्यातल्या पाचक रसांना अडवतात. कुलपात मोडकी किल्ली अडकावी तसे. मग खाल्लेले अंगी लागत नाही, अळी खुरटते. 1972 साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवले की बटाट्या-टोमॅटोचे एक पान किड्याने कुरतडले, तर न कुरतडलेल्या पानांतही हे प्रथिन वाढते. (कच्च्या सोयाबीनमध्येही ते असते, शिजवले की त्याचा जोर बराचसा जातो.)

मग हरभरा का वाचत नाही? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांना 1998 साली दिसले, की हरभऱ्याची ही प्रथिने घाटेअळीचे रस चक्क तोडून टाकतात. जुनी ओळख ना! म्हणून त्यांनी अळीला अनोळखी अशी भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवड्याची प्रथिने तिच्या खाण्यात मिसळली. अळीची वाढ खुंटली. पण अळीही वस्ताद. बटाट्याचे प्रथिन खाऊन वाढलेली अळी नवेच रस काढू लागली, आणि ते आवरायला घेवड्याचे प्रथिन लागले. एका कुलपाने भागत नाही, हे 1999 साली त्यांनी प्रसिद्ध केले.

"मग हे बियाण्यातच का घालत नाहीत?" गुरुजी, वर्गात मुले हे विचारतीलच. ऑस्ट्रेलियात राजम्याचे एक प्रथिन वाटाण्यात घातले होते. भुंगा हटला, पण 2005 साली त्या वाटाण्यावर ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांना चाचणीत सूज आली. राजम्यातले प्रथिन वाटाण्यात तयार होताना किंचित बदलले होते. ते काम तिथेच थांबले.

तेव्हा बटाट्याचा रस काढून पिकावर शिंपडू नका, बरे का! प्रयोगशाळेतले प्रथिन शुद्ध करून, मोजून दिलेले असते. तूर्त पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवाव्यात, कामगंध सापळे लावावेत, आणि अळ्या बारीक असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी. अळी मोठी होऊन घाट्यात शिरली की अर्काचा उपयोग थोडाच. म्हणून फूल दिसल्यापासून रोज सकाळी शेतात एक फेरी हवी.