तार तुटली तर?

पालघर जिल्ह्यात बोईसर स्थानकाजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, रंग, पोलाद असे नानाविध कारखाने तेथे आहेत. समजा, अशा एका कारखान्यातील टाकीत उष्णता निर्माण करणारी रासायनिक क्रिया चालू आहे. टाकीचा तापमापक एका संगणक-जाळ्यावर आहे, तर थंड पाण्याची झडप उघडणारे यंत्र दुसऱ्या जाळ्यावर. दोन्ही जाळी जोडणारी तार एकच. ती तुटली तर? टाकी तापत राहील आणि झडपेला त्याची वार्ताही लागणार नाही!

मग दुसरी तार जोडावी, असे तुम्ही म्हणाल. पण दोन्ही तारा एकदम चालू ठेवल्या, की एक बंद वर्तुळ तयार होते. ईथरनेट जाळ्यातील स्विच सर्वांसाठी असलेला संदेश पुढे ढकलत राहतात. वर्तुळात त्याच्या प्रती फिरून फिरून साऱ्या वाटा तुंबतात. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन या अमेरिकन संशोधिकेने युक्ती काढली. स्विचांनी आपसांत ठरवून एक वाट मिटवून ठेवायची आणि चालू वाट तुटली तरच ती उघडायची.

वाट बदलण्यास मात्र वेळ लागतो. मूळ पद्धतीत तो ३० ते ५० सेकंद असे. कारखान्यांसाठी केलेल्या वर्तुळ पद्धतीत ५० स्विचांपर्यंत तो सुमारे ०.२ सेकंदावर येतो. तेवढाही खंड चालत नसेल, तर समांतर पद्धत वापरतात. प्रत्येक संदेश दोन स्वतंत्र जाळ्यांतून एकाच वेळी धाडायचा, आधी येईल तो घ्यायचा आणि मागाहून येणारा टाकून द्यायचा. येथे खंड शून्य, पण जाळी दोन उभारावी लागतात.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न असा: आपले काम संदेशावाचून किती वेळ थांबू शकते? सावकाश तापणाऱ्या टाकीला वर्तुळ पुरेल. वीज उपकेंद्रात बिघाड काही सहस्रांश सेकंदांत ओळखावा लागतो. तेथे समांतर पद्धत हवी.

दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. दोन्ही तारा एकाच चरातून नेल्या, तर खोदकामाच्या एका घावात दोन्ही तुटतील. जवळच्या तारापूर अणुवीज केंद्रात हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. २००५-०६ साली सुरू झालेल्या तेथील ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्या तातडीने बंद करण्यासाठी दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीत कॅडमियमच्या कांड्या खाली पडतात, तर दुसरीत गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण मंदायकात सोडले जाते. कांड्या अडकल्या, तरी द्रावणाची वाट मोकळीच राहते.

तुमच्या शाळेतही पाण्याची किंवा विजेची राखीव सोय असेल. कोणत्या एकाच बिघाडाने मूळ आणि राखीव अशा दोन्ही सोयी बंद पडतील, ते शोधून पाहा!