आभासी सर्व्हरांचा कारभारी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य बँकेच्या खिडकीवर एकदाही ऐकले नाही, असा ग्राहक विरळाच. भिलाईसारख्या पोलादनगरीत असंख्य कुटुंबांचा महिना निवृत्तिवेतनावर चालतो. तेथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य कानी पडले, तर ग्राहक चिंतित होतो आणि खिडकीमागील कर्मचारी निरुत्तर. हा सर्व्हर असतो कोठे आणि त्याचा सांभाळ कोण करते, याची तोंडओळख करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

यंत्र एक, सर्व्हर अनेक

डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर भारतीय बँकांच्या शाखांमध्ये संगणक येऊ लागले. प्रारंभी प्रत्येक शाखेचा सर्व्हर तिच्या स्वतःच्या खोलीत असे. कोअर बँकिंग आल्यावर खाती मध्यवर्ती डेटा सेंटरमध्ये गेली. परंतु प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र ठेवले, तर त्यातील पुष्कळशी शक्ती पडून राहते. म्हणून एकाच शक्तिशाली यंत्राचे सॉफ्टवेअरद्वारे विभाजन करून त्यावर अनेक ‘आभासी’ अर्थात व्हर्च्युअल सर्व्हर चालवितात. ही कल्पना आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती सर्वसामान्य संगणकांवर रूढ केली.

आता अशी अनेक यंत्रे आणि त्यांवरील शेकडो आभासी सर्व्हर एका ठिकाणाहून पाहावयाचे, तर त्यांना कारभारी हवा. ‘व्ही-सेंटर सर्व्हर अप्लायन्स’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. २०११ मध्ये ते प्रथम उपलब्ध झाले. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र बांधून मिळतात. हा कारभारी स्वतःही एक आभासी सर्व्हरच असतो, हे विशेष!

उभारणीचे दोन टप्पे

पहिल्या टप्प्यात हे तयार गाठोडे निवडलेल्या यंत्रावर उतरविले जाते. दुसऱ्या टप्प्यात त्याची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन होते. प्रत्यक्ष स्थापनेला फार वेळ लागत नाही. खरे काम त्याआधीच्या तयारीत असते.

त्यात पहिली बाब नावाची. कारभाऱ्याला नेटवर्कवर पूर्ण नाव द्यावे लागते. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, अशी दोन्ही बाजूंनी नोंद जुळली पाहिजे. न जुळल्यास दुसरा टप्पा बहुधा अडतो. २०१९ पूर्वीच्या आवृत्त्यांत हे नाव मागाहून बदलताच येत नसे. आजही तो खटाटोपच आहे.

दुसरी बाब वेळेची. सर्व यंत्रांची घड्याळे जुळली नाहीत, तर प्रवेशाची पडताळणी फसते आणि नोंदींचा क्रमही विश्वासार्ह राहत नाही. खातेवहीतील नोंदीला तारखेचे जे महत्त्व, तेच येथे सेकंदाचे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत दोन गोष्टी सांगितल्या: घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवावीत आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जतन कराव्यात.

तिसरी बाब आकाराची. सर्वांत लहान मांडणी दहा यंत्रे व शंभर आभासी सर्व्हर सांभाळते. पुढील वाढीचा अंदाज घेऊनच आकार ठरवावा.

किल्ल्या कोणाकडे?

उभारणीच्या वेळी दोन प्रमुख पासवर्ड ठरतात: एक अप्लायन्सच्या देखभालीचा, दुसरा त्याद्वारे चालणाऱ्या सर्व कारभाराचा. तिजोरीच्या दोन किल्ल्या एकाच हाती न देण्याची आपली परंपरा आहे. हे पासवर्डही एकाच व्यक्तीपाशी असू नयेत. दैनंदिन कामासाठी प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा आणि गरजेपुरत्या अधिकारांचा प्रवेश द्यावा, म्हणजे कोणी काय केले याची नोंद राहते.

ही दक्षता अनाठायी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्ही-सेंटरमध्ये एक त्रुटी उघड झाली. तिच्या गांभीर्याला दहापैकी ९.८ गुण देण्यात आले होते. नेटवर्कवरून तेथवर पोहोचू शकणाऱ्यास पासवर्डविना आज्ञा चालविणे त्यामुळे शक्य होते. दुरुस्ती तत्काळ उपलब्ध झाली, पण ती बसविणे ज्याच्या त्याच्या हाती होते. कारभारी ज्याच्या ताब्यात गेला, त्याला सर्वच सर्व्हर बंद करता येतात. म्हणून त्याला इंटरनेटपासून दूर, स्वतंत्र नेटवर्कवर ठेवावे आणि दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात.

कारभारी रजेवर गेला तर?

शाखा व्यवस्थापक एक दिवस रजेवर असले, तरी रोखपाल पैसे देतच असतो. तसेच येथेही घडते. व्ही-सेंटर बंद पडले, तरी चालू असलेले आभासी सर्व्हर चालूच राहतात. मात्र एका यंत्रावरील भार दुसऱ्यावर हलविणे, एकत्रित देखरेख ठेवणे अशी कामे थांबतात. यास्तव त्याच्या मांडणीचा बॅकअप नियमित घ्यावा आणि तो अन्यत्र ठेवावा. त्यातून पुनःस्थापना होते की नाही, हेही अधूनमधून करून पाहावे. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. अत्यावश्यक प्रणालींसाठी आपत्तीनंतरच्या पूर्वपदस्थितीची तालीम किमान सहा महिन्यांतून एकदा घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. अशी तालीम किंवा दुरुस्ती बहुधा रात्री अथवा सुट्टीच्या दिवशी होते आणि काही काळ सेवा बंद राहील, असा संदेश ग्राहकांच्या मोबाइलवर येतो. तो वाचून आपले व्यवहार थोडे आधी उरकावेत, ही ग्राहकांना विनंती. कर्मचारी बंधुभगिनींनीही खिडकीवर नुसते ‘सर्व्हर डाऊन’ न म्हणता, बंदी नियोजित आहे की आकस्मिक आणि ग्राहकाने पुन्हा केव्हा यावे, हे विचारून घेऊन सांगावे. दूरवरून रिक्षा करून आलेल्या ज्येष्ठ निवृत्तिवेतनधारकाला तेवढे उत्तर मिळालेच पाहिजे.