पाणवठ्यावरचे अंतर

पावसाळा सरत आला की आपल्या जिल्ह्यातील पाझर तलाव आणि गावतळी भरून येतात आणि शहरातील अनेक घरांत रविवारची एक वेगळीच लगबग सुरू होते. गळाच्या काठ्या, मळलेल्या कणकेचा गोळा, गांडुळांची डबी आणि चहाचा थर्मास घेऊन मंडळी पहाटेच बाहेर पडतात. घरच्यांचीही त्याला हरकत नसते. आठवडाभर हिशेब, वाहतूक आणि मोबाइलचा पडदा यांत गुंतलेले मन पाण्याकडे पाहता पाहता सैल होते, डोळ्यांना लांबवर पाहण्याची संधी मिळते आणि श्वासाची गती संथ होते. मात्र यांपैकी काही जण दुपारी घरी परततात ते कपाळाला आठ्या घालूनच. कारण विचारावे, तर मासा मिळाला नाही ही तक्रार क्वचितच निघते. ‘शेजारी एक जण येऊन चिकटून बसला’ ही तक्रार मात्र हमखास असते.

वाचकहो, हा विषय आपल्याला किरकोळ वाटेल. मलाही तसाच वाटत असे. काही वर्षांपूर्वी एका गावतळ्यावर गेलो असता काठावर एकच सावलीची जागा दिसली. तेथे एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गळ टाकून बसले होते. मी काही न विचारता त्यांच्यापासून चार हातांवर बैठक मांडली. दोन-तीन वेळा गळ नीट पडला. पुढच्या वेळी काठी मागे नेली आणि दोरी अडली. वळून पाहतो तो गळ त्या मुलाच्या भुवईत रुतलेला. अर्धा इंच खाली असता, तर डोळाच गेला असता. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गळ काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि मुलगा घरी गेला. त्याचे वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, एवढं मोठं तळं पडलंय, तुम्हाला नेमकी हीच जागा सापडली का?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून मी पाण्याकडे पाहण्याआधी काठावर कोण बसले आहे हे पाहू लागलो.

अंतर म्हणजे तुटकपणा नव्हे

माणसामाणसांतील अंतराचा अभ्यास करणारे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात अशा अंतरांची मांडणी केली. सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर अगदी आपल्या माणसांसाठी, त्यापुढे सुमारे १.२ मीटरपर्यंतचे मित्र व परिचितांसाठी आणि त्याहीपुढे सुमारे ३.६ मीटरपर्यंतचे अंतर कामकाजाच्या व्यवहारासाठी, असे त्यांचे निरीक्षण होते. ही मापे प्रामुख्याने अमेरिकेतील मध्यमवर्गीयांच्या वागण्यावरून घेतलेली आहेत आणि निरनिराळ्या समाजांत ती निरनिराळी असतात, हेही त्यांनीच नोंदवले आहे.

आपल्याकडे एसटीच्या बाकावर तिघांच्या जागेत चौथा सहज सामावतो. वारीत, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत खांद्याला खांदा लागला तरी कोणाला वावगे वाटत नाही. म्हणूनच ‘अंतर ठेवा’ असे म्हटले की ते आपल्याला परकेपणाचे वाटते. परंतु पंगतीत बसणारा माणूस सोबतीसाठी आलेला असतो, तर पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस बहुधा एकांतासाठी. त्याच्या एकांताला जपणे हेही एक प्रकारचे अगत्यच आहे. शिवाय त्याच्या हातात काठी आहे आणि दोरीच्या टोकाला धारदार गळ आहे. येथे अंतराचा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा राहत नाही.

थोडा हिशेब करून पाहा. काठी साधारण आठ फुटांची, तिला धरणारा हात दोन-अडीच फुटांचा आणि टोकाशी लोंबणारी दोरी दोन-तीन फुटांची धरली, तर गळ फेकताना आपल्याभोवती बारा-तेरा फूट त्रिज्येचे वर्तुळ तयार होते. दोघांची वर्तुळे एकमेकांना छेदू नयेत, तर दोघांमध्ये सुमारे २५ फूट, म्हणजे मोठी दहा पावले अंतर हवे. काठी याहून लांब असेल, तर पावलेही वाढवावीत. हा कोणी घालून दिलेला कायदा नव्हे, पण लक्षात ठेवायला सोपा आणि मुलांनाही शिकवता येईल असा नेम आहे. पाण्याकाठी पोहोचल्यावर शेजाऱ्यापासून दहा पावले मोजावीत आणि मगच पिशवी खाली ठेवावी.

चारलेले पाणी

गळाने मासे धरण्याचा छंद शहरी माणसाने अलीकडे लावून घेतला, असा समज असेल तर तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. राजाच्या विविध करमणुकींचे वर्णन करताना त्यात ‘मत्स्यविनोद’ हा विषयही येतो. माशांचे प्रकार, त्यांना द्यावयाचा चारा आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचा विचार त्यात आहे. मासे पकडण्यापूर्वी त्यांना एका ठिकाणी चारा घालून सवय लावायची, ही युक्ती तेव्हाही माहीत होती.

आजही जाणता माणूस हेच करतो. पहाटे येऊन कणीक, पेंड किंवा भाताचे गोळे एका जागी टाकतो, तासभर वाट पाहतो आणि मग गळ सोडतो. पाहणाऱ्याला समोर मोकळे पाणी दिसते, पण त्या पाण्यात कोणाची तरी मेहनत पडलेली असते. नेमक्या त्याच ठिकाणी दुसऱ्याने येऊन गळ टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलण्यासारखे आहे. म्हणून केवळ काठावरची जागा मोकळी आहे का, एवढे पाहून चालत नाही. समोरचे पाणी कोणी चारले आहे का, हेही विचारावे लागते. “इथं बसलो तर चालेल ना? आपण चारा कुठं टाकलाय?” या दोन वाक्यांत निम्मी भांडणे मिटतात.

याला दुसरी बाजूही आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी काही मंडळी पहाटे चार-पाच काठ्या काठावर रोवून पन्नास पावलांचा पट्टा अडवतात आणि स्वतः झाडाखाली न्याहारी करत बसतात. आधी आलेल्याचा मान आहे हे खरे, पण तो त्याच्या स्वतःपुरता आणि त्याला लक्ष ठेवता येईल अशा एक-दोन काठ्यांपुरता. गर्दी वाढली की आपला पसारा आवरता घेणे हे आधी आलेल्याचेही कर्तव्य ठरते.

स्कॉटलंडमधील सामन माशांच्या नद्यांवर यासाठी एक सुंदर प्रघात आहे. तेथे कोणी एक जागा धरून बसत नाही. गळ टाकायचा, एक-दोन पावले प्रवाहाच्या दिशेने सरकायचे आणि पुन्हा टाकायचा. नव्याने येणारा आधीच्यांच्या मागे, वरच्या अंगाला उतरतो. डोहातील उत्तम जागा अशी प्रत्येकाच्या वाट्याला येते. आपल्या तळ्यांचे पाणी स्थिर असल्याने हा प्रघात जसाच्या तसा लागू होणार नाही, परंतु तास-दोन तासांनी जागेची अदलाबदल करायला काय हरकत आहे?

गर्दी असेल तेव्हा

दहा पावले मिळणार नाहीत असे दिवस येणारच. तेव्हा पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

गळ डोक्यावरून गरगरा फिरवून फेकू नये, खालून हलक्या झोक्याने सरळ समोर सोडावा. शेजाऱ्याच्या दोरीवरून तिरपा टाकू नये. फेकण्यापूर्वी प्रत्येक वेळी मागे वळून पाहावे. लहान मुले मागेच खेळत असतात. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला, तर आपली दोरी तत्काळ ओढून घ्यावी. दोऱ्या गुंतल्याच, तर हिसका न देता दोघांनी मिळून सोडवाव्यात आणि सुटतच नसेल, तर आपली कापावी. दहा-वीस रुपयांच्या दोरीपेक्षा सकाळ मोलाची आहे.

पायांचा दणका, काठावर आपटलेला डबा, मोबाइलवरील गाणी यांचा त्रास माणसांइतकाच माशांनाही होतो. माशाच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना पाण्यातील कंपने टिपणारी संवेदनशील रेषा असते, त्यामुळे काठावरची धावपळ त्याला जाणवते. न विचारता दुसऱ्याची पिशवी उघडून मासे पाहणे, त्याचे छायाचित्र काढणे, ‘असा नाही, तसा टाका’ म्हणून उपदेश करणे, हीदेखील दुसऱ्याच्या अवकाशात केलेली घुसखोरीच होय.

इतके करूनही कोणी अरेरावीने शेजारी येऊन बसलाच, तर? एकदा शांतपणे सांगावे. ऐकले नाही, तर आपण उठावे. संतापाच्या क्षणी नाडी जलद चालते आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी तर काठावरच्या चार फुटांसाठी ही किंमत मोजू नये. घसरड्या काठावर झालेल्या धक्काबुक्कीचा शेवट पाण्यात होऊ शकतो, हेही विसरू नये.

गळ रुतलाच तर

गळाला उलटा काटा असतो, म्हणून तो ओढून काढू नये. प्रथम दोरी कापावी, गळ हलणार नाही अशी काळजी घ्यावी आणि दवाखाना गाठावा. डोळ्यात किंवा पापणीला गळ लागला असेल, तर त्याला मुळीच हात लावू नये. डोळा चोळू नये, धुऊ नये, दाबून पट्टीही बांधू नये. डोळ्यावर दाब पडणार नाही अशा बेताने कागदी पेला उपडा धरून झाकण करावे आणि तातडीने नेत्ररुग्णालयात जावे. वरवरची जखम असेल, तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलांना टोपी आणि साधा का होईना, चष्मा घालावा. उन्हापासून आणि गळापासून, दोहोंपासून रक्षण होते.

पाणी आपल्या एकट्याचे नाही

आपल्या शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून मिळते. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हा तेथे गेल्यावर अभयारण्याचे नियम आधी समजून घ्यावेत आणि परवानगी नसेल तेथे गळ टाकण्याचा मोह आवरावा. धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रात मासे धरायला उतरणे हा तर जिवाशी खेळ आहे. पाण्याची पातळी पाहता पाहता वाढते.

तलावांतील मासेमारीचे हक्क अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. आपण ज्याला करमणूक म्हणतो, ती तेथील भोई कुटुंबाची भाकरी असते. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा दिसल्या की खाली जाळे आहे असे समजावे आणि गळ दूर टाकावा. फाटलेले जाळे विणण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो. संस्थेच्या माणसाला आधी विचारावे, शुल्क असेल तर ते भरावे.

अंतर पक्ष्यांनाही हवे असते. तुटलेल्या नायलॉन दोरीचे तुकडे त्यांच्या पायांत आणि चोचीत अडकतात. निघताना दोरीचा प्रत्येक तुकडा गुंडाळून घरी आणावा आणि कात्रीने बारीक कापून मगच कचऱ्यात टाकावा.

नाथांच्या गावात

नाथसागराला ज्यांचे नाव आहे, त्या एकनाथ महाराजांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. गोदावरीचे स्नान करून परतताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ पुन्हा स्नानाला गेले. तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा झाले, तरी नाथांची शांती ढळली नाही आणि अखेर तो माणूसच ओशाळला. ही कथा आपण नाथांच्या शांतीसाठी सांगतो. ती सांगितलीही पाहिजे.

मात्र मला आताशा त्या कथेतला दुसरा माणूस अधिक आठवतो. पाण्याकाठी आपल्या शेजारी बसलेला प्रत्येक जण नाथ नसतो आणि त्याने तसे असावे, अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला अधिकारही नाही. त्याच्या शांतीची परीक्षा आपल्यामुळे होणार नाही, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

येत्या रविवारी मुलांना घेऊन पाण्यावर जाल, तेव्हा गळाला आमिष कसे लावायचे हे शिकवण्याआधी त्यांच्याकडून दहा पावले मोजून घ्या. आधी बसलेल्या काका-मावशींना नमस्कार करून ‘आम्ही इथे बसू का?’ हे मुलांनाच विचारू द्या. उत्तर ‘नको’ असे आले, तर न रुसता पुढे चालायलाही त्यांना शिकवा. तळ्याचा काठ पुष्कळ लांब असतो.